निवांत गडाची वाट, साठीनंतर

‘डॉक्टर, मी गड चढू का?’ थंडी पडू लागली की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. विचारणाऱ्याने बहुधा पासष्टी ओलांडलेली असते आणि शेजारी बसलेला मुलगा किंवा सून माझ्या तोंडून ‘नको’ ऐकण्यास आतुर असते. सरसकट नकार देणे मला पटत नाही. उतारवयात स्नायूंची झीज चालण्याने नव्हे, बसून राहण्याने वाढते. प्रश्न असतो तो गड कोणता, दिवस कोणता आणि सोबत कोण, हा.

गर्दीचा कंटाळा आलेल्यांना मी मल्हारगड सुचवतो. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे जाताना आत वळले की पायथ्याला सोनोरी हे गाव लागते. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी 1757 ते 1760 च्या सुमारास हा किल्ला बांधला. मराठ्यांनी बांधलेला हा अखेरचा गिरिदुर्ग मानला जातो. आकाराने तो आटोपशीर आहे. सोनोरीच्या बाजूने सावकाश चढले तरी साधारण तासाभरात माथा गाठता येतो. वर तटबंदी, बालेकिल्ला आणि महादेव व खंडोबा यांची मंदिरे आहेत. सावली मात्र फारशी नाही.

सिंहगडावर दम लागला तर ताक मिळते, हात धरायला चार अनोळखी माणसे धावतात. आडवाटेच्या गडावर, विशेषतः आठवड्याच्या मधल्या वारी, यातले काही गृहीत धरता येत नाही. ज्या एकांतासाठी आपण जातो, तोच अडचणीच्या वेळी महागात पडतो. म्हणून अशा गडाची तयारी अधिक काटेकोर हवी.

ती महिनाभर आधी सुरू व्हावी. सपाटीवर तासभर चालून आणि तीन मजल्यांचे जिने न थांबता चढून, शेजाऱ्याशी सलग वाक्ये बोलता येत असतील, तर लहान गडाचा विचार करावा. छातीत दडपण येते, पूर्वीपेक्षा दम लवकर लागतो किंवा चक्कर येते, अशांनी आधी तपासणी करून घ्यावी. हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी होऊन फार काळ लोटला नसेल, तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द अंतिम मानावा.

औषधांबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण घरोघरी याचाच विसर पडतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकाएकी उतरू शकते. ‘चढून झाल्यावर खाऊ’ म्हणून उपाशीपोटी निघणे त्यांच्यासाठी धोक्याचे. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवी. पाठपिशवीच्या तळाशी नव्हे. त्यातच रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखे औषध चालू असेल, तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम तेवढा सुटतो, आणि तो चढाचा समजला जातो. अशा वेळी सोबत्याने ‘काही नाही, बसा जरा’ म्हणून न थांबता आधी साखर द्यावी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारे विसाव्यानंतर झटकन उठले तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्यांनी मिनिटभर बसूनच पाय हलवावेत आणि मग उठावे. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाण्याचा मुद्दा नाजूक आहे. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून अनेक आजी निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. त्यात वयानुसार तहानेची जाणीवही मंदावलेली असते. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्यावे आणि थोड्या थोड्या वेळाने दोन घोट घ्यावेत. (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी प्रमाण विचारून घ्यावे.) सोबत दशमी किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरे, मधुमेहींनी लाडवाऐवजी दशमीच निवडावी.

पहाटे निघून उन्हे तापण्याआधी खाली येता येईल, असा बेत करावा. परतण्याची वेळ घरीच ठरवावी आणि माथा दहा मिनिटांवर राहिला असला तरी मोडू नये. चढताना दम जातो, पण पाय घसरतात ते उतरताना. तेव्हा मांड्यांचे स्नायू दमलेले असतात, गुडघ्यांवर भार वाढतो आणि वाळलेल्या गवतावर व मुरमावर बूट धरत नाही. काठी उतारावर किंचित लांब धरावी, पावले आखूड टाकावीत. उतारासाठी चढाइतकाच वेळ राखून ठेवावा.

सोबतीला किमान एक धडधाकट माणूस हवाच. चालू औषधांची चिठ्ठी ज्येष्ठांच्या खिशात असावी. फोनला कुठपर्यंत रेंज आहे हे चढतानाच पाहून ठेवावे आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा. छातीत दुखू लागले तर उतरण्याची घाई न करता जागीच बसवून मदत बोलवावी.

घरी आल्यावर मधुमेहींनी झोपण्यापूर्वी साखर तपासावी. श्रमांचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. दोन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच पोटरीला सूज आली किंवा छाती जड वाटली, तर ते ‘गडाचे दुखणे’ समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.