भिंतीवरच्या तिथीत समुद्राची वेळ

कोरेगावच्या घराघरांत भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्यात अरबी समुद्राचं वेळापत्रक छापलेलं असतं. समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री उभा. वसना नदीचं पाणी तर कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जातं. म्हणजे आपल्या तालुक्याची पाठच या समुद्राकडे. तरीही सिंधुदुर्गातल्या समुद्री गुहा पाहायला होडीने जायचं असेल, तर दिवस कोणता धरायचा हे कोरेगावात बसून ठरवता येतं.

रीत कोकणातल्या जुन्या दर्यावर्दींची आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. हे जमतं कसं? एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश सरकणं. पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात, म्हणून चंद्र आणि त्याच्यामागे भरती रोज जवळपास तेवढी उशिरा येते. अठ्ठेचाळीस मिनिटांना पाऊण तास म्हणायचं आणि तोंडी हिशेब करायचा! घड्याळ नसलेल्या माणसांनी आकाशाची गती पाढ्यात बसवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पंचांग आणखी एक गोष्ट सांगतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. भरतीपुरती सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, पण आडवी पडल्याने भरतीतलं बळ काढून घेते. कोळी याला भांग म्हणतात. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि खडकांमधली पाण्याची ओढही मंदावते. गुहांच्या दिशेने होडी न्यायची तर भांगाचे दिवस बरे.

या गुहा आहेत वेंगुर्ला रॉक्सवर, म्हणजे निवतीसमोर समुद्रात उभ्या असलेल्या खडकाळ बेटांवर. एका बेटावर दीपस्तंभ आहे. कोरेगावहून सातारा, कोल्हापूर, मग घाट उतरून कुडाळ आणि तिथून किनारा, यातच दिवस जातो. म्हणून मुक्काम आदल्या रात्री निवती, भोगवे किंवा मालवणला करावा.

लाट खडक कसा पोखरते, हे समजून घेऊन गेलं की त्या गुहांकडे बघायची नजरच बदलते. खडक फोडण्यात पाण्याच्या धडकेबरोबर हवेचाही वाटा असतो. खडकाला आधीच बारीक भेग असते. लाट आदळली की भेगेतली हवा आत कोंडली जाऊन दाबली जाते, आणि लाट मागे सरताच ती एकदम फुगून बाहेर येते. दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस, हजारो वर्षं. भेग रुंदावते, दगड सुटतात, आणि तेच सुटे दगड पुढच्या लाटेबरोबर आतल्या भिंती घासतात. शिवाय उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, त्यामुळे ती सुळक्याभोवती वळते आणि आपलं बळ त्याच्याच अंगावर एकवटते. जिथे खडक पुढे येतो, तिथेच मार जास्त.

आणि त्या अंधारात पाकोळ्या राहतात. हा चिमणीएवढा पक्षी फांदीवर बसत नाही. उभ्या कातळाला नखांनी चिकटतो आणि स्वतःच्या लाळेत पिसं आणि गवत-शेवाळ मिसळून भिंतीवर अर्ध्या वाटीसारखं घरटं डकवतो. गुहेत काहीच दिसत नाही तेव्हा तो टिक-टिक आवाज काढतो आणि प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतो. वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्या कानाच्या पलीकडचे; पाकोळीचे मात्र आपल्याला ऐकू येतात. हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ मध्ये लिहिलं होतं. लाळेच्या घरट्यांचं सूप पूर्व आशियात महाग विकलं जातं, आणि त्यापायी इथली घरटी चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००१ मध्ये ही चोरी उघडकीला आणली. पुढे पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: मार्च ते मे हा विणीचा काळ टाळा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. गुहेत शिरू नका, बेटावर उतरू नका, होडी लांब थांबवा आणि इंजिन शांत करायला सांगा. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंदच असतात.

निघायचं पहाटे. रात्री जमीन पाण्याआधी गार होते, त्यामुळे सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळ लाट बसलेली असते. दिवस चढला की जमीन तापते, वारा उलटतो आणि दुपारी समुद्र खवळू लागतो. अकराच्या आत परतीला लागावं. वाटेत डॉल्फिन दिसण्याची शक्यताही सकाळीच जास्त.

एक गोष्ट मात्र ना तिथीत सापडते ना स्थानिक वाऱ्यात. कधी वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी लांबलचक लाटा येत राहतात. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटर दूर, काही दिवसांपूर्वी वादळ झालेलं असतं आणि त्याच्या लाटा आता इथे पोचत असतात. मोकळ्या पाण्यात त्या नुसत्या हेलावतात, पण गुहेच्या तोंडाशी होडीला कातळावर नेऊन आपटू शकतात. हैदराबादचं इन्कॉइस केंद्र अशा लाटांचा इशारा देतं, तो आदल्या दिवशी पाहावा आणि संध्याकाळी तांडेलाला, म्हणजे होडीच्या नाखव्याला, विचारावं. तो 'उद्या नको' म्हणाला, तर घासाघीस करू नये. मालवणला जावं. समुद्राने परवानगी दिली तर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहावा, आणि तिथली होडी किनाऱ्यापासून फार लांब जात नाही.