नाडी अडतीस



तीन वर्षांपूर्वी रोश हशानाचा चिकाचा हलवा घाटताना मला गरगरले. गॅसची धग, तासभर उभे राहणे आणि माझे वय! मी खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि कालथा सुनेच्या हाती दिला. दहा दिवसांनी योम किप्पुरच्या दुपारी न्हाणीघराच्या दारात पडले. "उपासाने झाले," असे मीच सर्वांना सांगत होते. सुनेने ऐकले नाही. "मम्मी, आधी नाडी बघा." नर्स म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या, पण स्वतःची मोजायचे सुचले नव्हते. मोजली तर मिनिटाला ३८. सुनेने लगेच १०१ फिरवला.

विसावलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा बारीक इशारा तयार होतो आणि तो खाली उतरला की ठोका पडतो. वयाने ही वाट झिजते, इशारा मध्येच अडकतो. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. माझे तेच झाले होते. गोळ्यांनी ही वाट दुरुस्त होत नाही, म्हणून पेसमेकर. इथे त्याला 'कोत्सेव लेव' म्हणतात.

नाव ऐकून मी घाबरले, खोटे कशाला बोलू? पण त्याचा इतिहास मला ठाऊक होता. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. इंजिनियर एल्मक्विस्ट यांनी तो बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतला होता! तो काही तासच चालला. पण लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत ८६ वर्षे जगले. त्यांचे डॉक्टर आणि इंजिनियर दोघेही त्यांच्या आधी गेले.

माझा पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत आहे. जागा बधिर केली, एक्स-रेच्या पडद्यावर बघत शिरेतून तारा हृदयात नेल्या. मी जागीच होते, डॉक्टरांशी बोलत होते. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते. आता तर तारेशिवायचा पेसमेकरही निघाला आहे. व्हिटॅमिनच्या मोठ्या कॅप्सूलएवढा, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. जांघेतल्या शिरेतून नळीने नेऊन तो थेट हृदयातच बसवतात. छातीवर काप नाही. अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली. मात्र तो सर्वांना चालत नाही. मला डॉक्टरांनी दोन कप्प्यांचा, तारांचाच सांगितला.

तुम्हाला चक्कर येत असेल तर अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा आणि पूर्ण मिनिट मोजा. पन्नासच्या खाली आली तर कुपात होलीमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. शुद्ध हरपली तर वाट न बघता १०१. "मुलांना कशाला त्रास" म्हणून चक्कर लपवणारे आपल्यात फार आहेत, त्यांत मीही होते.

पेसमेकर असलेल्यांनी मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये, वीतभर लांब ठेवावा. एमआरआयच्या आधी कार्ड दाखवावे. नव्या पुष्कळ पेसमेकरना एमआरआय चालतो, पण आधी मशीनची सेटिंग बदलावी लागते. कॅनयोनच्या दारात फाटकातून न थांबता चालत जावे, हातातले यंत्र छातीवर धरू देऊ नये. मी सरळ सांगते, "येश ली कोत्सेव लेव." गार्ड हसून हातानेच पर्स तपासतो. कार्ड पर्समध्ये रावकावच्या शेजारीच ठेवले आहे.