डिंकाचे लाडू हवेत, गोळ्याही हव्यात

गरोदरपणात लोहाची लाल गोळी नेमाने घेणारी बाई बाळंत झाली की सगळ्यात आधी ती गोळी सुटते. तोवर आई, सासू, आशाताई, डॉक्टर सगळे ‘गोळी घेतलीस का?’ म्हणून विचारत असतात. बाळ हातात आलं की सगळे बाळाचं वजन विचारतात आणि उरलेली पाकिटं कपाटात जातात. खरं तर २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक घरांत पोहोचतच नाही.

आणि लोहाची गरज तर तेव्हाच मोठी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका गरोदर राहण्याआधीच तुटीत असतात. गरोदरपण साधारण १००० मिलिग्रॅम लोह मागतं. प्रसूतीत रक्त जातं, सिझेरियनमध्ये अधिक, आणि पुढचे काही आठवडे अंगावरून जातच राहतं. मग जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण नसताना रडू येतं. घरातले म्हणतात, रात्रीची जागरणं आहेत, होणारच. जागरणं असतातच, म्हणून तर खाली गेलेलं हिमोग्लोबिन त्यांच्याआड लपून राहतं.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना निगुतीने खाऊ घालतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. हे सगळं हवंच, त्यावर डॉक्टरांनीही नाक मुरडू नये. पण हिशेब मांडून बघा. ५० किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचं आणि शरीरातला साठाही भरायचा, तर जवळजवळ १००० मिलिग्रॅम लोह लागतं. चांगल्या शाकाहारी जेवणातून दिवसाला २० मिलिग्रॅम मिळालं, तरी त्यातलं अंगी लागतं दीडेक मिलिग्रॅम, आणि एकेक मिलिग्रॅम रोज खर्ची पडतं. तुटीतलं शरीर थोडं जास्त शोषून घेतं हे धरलं तरी नुसत्या लाडवांवर ही तूट भरायला वर्षं जातील. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं सहा मिलिग्रॅम शोषलं गेलं तर १८० दिवसांत हजाराचा आकडा गाठता येतो.

तपासणीत अ‍ॅनिमिया निघाला तर डॉक्टर सहसा दिवसाला दोन गोळ्या देतात. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये; मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. लिंबूपाणी किंवा आवळा सोबत चालतो. मळमळलं तर जेवणानंतर घ्यावी, थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी बंद तरी पडणार नाही. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. हिमोग्लोबिन वर आलं की लगेच थांबूही नये, कारण रक्त आधी सुधारतं आणि साठा मागाहून भरतो.

हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज मात्र एकाच वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत देता येतं. पुन्हापुन्हा दवाखाना गाठणं अवघड असलेल्या वाडी-वस्तीवरच्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं असतं.

महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर गोळ्या वाढवत बसण्यापेक्षा कारण शोधावं. सगळाच अ‍ॅनिमिया लोहाच्या तुटीचा नसतो. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांना इथल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये वेगळाच अ‍ॅनिमिया दिसला, आणि तो यीस्टच्या अर्काने बरा झाला. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज तो त्याच लाल गोळीत असतो. बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमियाचा वाहकदोष, विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, यांपैकी काहीही मागे असू शकतं.

प्रसूतीनंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशाताई घरी येत असतात. दीड महिन्याचं बाळ लसीसाठी केंद्रावर जातंच, आणि त्याला घेऊन जाणारी बहुतेक वेळा आईच असते. त्याच दिवशी तिथल्या नर्सताईंना सांगून आईचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात.