रूळ सरकले, माणसे मावली

घरात पाहुणे वाढले म्हणजे आपण पलंग भिंतीकडे सरकवतो, ट्रंका माळ्यावर चढवतो आणि जागा करतो. पण गर्दी जमिनीखालच्या स्टेशनात झाली, तर सरकवायचे काय?

2018 साली मी आईला घेऊन धाकट्या भावाकडे लंडनला गेलो होतो. 'बँक' स्टेशनाच्या तोंडाशी पायऱ्या आणि माणसांचा लोंढा पाहून आई म्हणाली, "तू जाऊन ये. माझे गुडघे नाही म्हणतात." ती वरच थांबली. मी उतरलो खरा, पण लक्ष सारे वर.

या स्टेशनात नॉर्दर्न लाइनची गाडी 1900 सालापासून येते. फलाट अरुंद, आणि रुंदवायचे तर वर जुन्या इमारती, शेजारी दुसरे बोगदे. तेव्हा इंजिनिअरांनी निराळीच युक्ती काढली. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीसाठी त्यांनी शेजारी नवा बोगदा आणि नवा फलाट खणला. थोडी माती काढायची, लगेच काँक्रीट फवारायचे, मग पुढे सरकायचे. वरच्या इमारतींचे काही खांब पार बोगद्याच्या वाटेत उतरलेले. तेही जपून कापावे लागले.

जुना मार्ग नव्याला जोडण्यासाठी 15 जानेवारी 2022 पासून सतरा आठवडे तेथली ही गाडी बंद होती. मे महिन्यात नवा फलाट सुरू झाला. आणि जुन्या बोगद्याचे काय केले? रुळांची जागा बुजवून तेथे माणसांना चालायला प्रशस्त दालन केले! पुढे 2023 च्या फेब्रुवारीत नवे प्रवेशद्वार उघडले; तेथून लिफ्टने थेट खाली जाता येते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस आई माझ्याबरोबर खाली उतरली. त्या दालनात मी म्हटले, "आई, तू उभी आहेस तिथून पूर्वी गाडी जायची."

तिने पायांखाली पाहिले. "मग आता?"

"शेजारी सरकली."

"शहाणी आहे हो! थोरानं थोडं सरकून घेतलं, की सगळी मावतात."

गिरगावच्या दोन खोल्यांत सुना आल्या, तेव्हा आपले अंथरूण मुकाट्याने स्वैपाकघरात नेणारी बाई ती. तिला इंजिनिअरिंग मी काय शिकवणार?