कॉकपिटमधला समन्वय मोजायचा कसा?

वैमानिकांना एकजुटीने काम करायला शिकवलं की जीव वाचतात, याचा दाखला म्हणून अमेरिकेतल्या सू सिटीचा १९८९ चा विमान अपघात हमखास सांगितला जातो. शेपटाकडचं इंजिन फुटलं, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत डीसी-१० धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी त्याचं श्रेय ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या एकजुटीच्या प्रशिक्षणालाही दिलं. पण हीच माणसं प्रशिक्षणाशिवाय कशी वागली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. एका थरारक घटनेतून प्रशिक्षणाचा गुण सिद्ध होत नाही.

बरं, अपघात मोजावेत तर ते सुदैवाने फारच विरळ. शिवाय हे प्रशिक्षण रुजत गेलं त्याच काळात इंजिनं आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रंही सुधारत गेली. २००१ मध्ये एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी या प्रशिक्षणावरचे ५८ अभ्यास तपासले. वैमानिकांना प्रशिक्षण आवडतं, त्यांची मतं बदलतात, बऱ्याचदा वागणंही सुधारतं. सुरक्षितता वाढते का, याचं ठाम उत्तर मात्र मिळालं नाही.

म्हणूनच कॉकपिटमधलं वागणंच थेट पाहणाऱ्या एच. पी. रफेल स्मिथ यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. नासाच्या त्यांच्या प्रयोगात, ज्याचा अहवाल १९७९ मध्ये आला, मुरलेले वैमानिक बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये अख्खं उड्डाण करत. वाटेत इंजिन बंद करावं लागे, परत फिरावं लागे. नेमक्या घाईच्या क्षणी केबिनमधून कुणीतरी काहीबाही विचारायला येई. एका चमूत या गडबडीत किती इंधन सोडायचं याचा हिशेब चुकला, कॅप्टनने तो न पडताळता मान्य केला आणि विमान जादा वजनासह उतरलं. विमान चालवण्याचं कसब सगळ्यांकडे होतं. कमी पडली ती कामाची वाटणी आणि एकमेकांची पडताळणी.

टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट हेल्मराइख यांनी हीच नजर रोजच्या विमानांत नेली. निरीक्षक कॉकपिटमधल्या जादा आसनावर (जंपसीटवर) बसतो आणि चूक कोणती झाली, ती कुणी पकडली, कशी निस्तरली, हे टिपतो. प्रशिक्षणाचा परिणाम वर्गाच्या शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मपेक्षा इथे कितीतरी स्पष्ट दिसतो. अटी दोनच: वैमानिकांची संमती हवी, आणि नोंदीत नाव नको. या नोंदींवरून कुणाला शिक्षा होऊ लागली, तर निरीक्षकासमोर प्रत्येक उड्डाण परीक्षेसारखं होईल आणि रोजचं वागणं दिसणारच नाही.