सिरोंचा

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. गडचिरोलीच्या दक्षिणेस सु. २०० किमी. अंतरावर, प्राणहिता नदीच्या डाव्या तीरावर, गोदावरी-संगमाच्या किंचित वरच्या अंगास हे वसले आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संयुक्त प्रवाहास प्राणहिता म्हणतात. तालुक्याच्या पश्चिमेस ही नदी, दक्षिणेस गोदावरी व पूर्वेस इंद्रावती असल्याने त्याच्या तीन बाजू नद्यांनी आखलेल्या आहेत. पलीकडे तेलंगण व छत्तीसगढ ही राज्ये आहेत. गावात तेलुगू व मराठी या दोन्ही भाषा सर्रास चालतात, तर आतील वनप्रदेशात गोंडी व माडिया बोलल्या जातात.

हा प्रदेश निजामाच्या ताब्यात होता. १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या काठचे सहा तालुके इंग्रजांकडे आले व त्यांचा अपर गोदावरी जिल्हा बनविण्यात येऊन सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. येथील उपायुक्त कॅप्टन ग्लासफर्ड याचे नाव जवळच्या ग्लासफोर्डपेठा या गावाच्या रूपाने टिकून आहे.

एवढ्या दुर्गम जागी जिल्ह्याचे ठाणे असण्याचे कारण नदीत होते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस प्राणहिता व गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावरील बंदरांस पोहोचवावा, अशी योजना सर आर्थर कॉटन याने पुढे मांडली होती. मार्गात दुम्मागुडेम, एंचमपल्ली व देवलमरी येथे खडकांचे मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालण्यासाठी कालवे व बंधारे यांची कामे सुरू झाली. तथापि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि जलमार्गाचे प्रयोजनच उरले नाही. १८७१ मध्ये कामे सोडून देण्यात आली. पाठोपाठ १८७४ मध्ये जिल्हाही मोडला : भद्राचलम व रेकपल्ली हे तालुके मद्रास इलाख्यात गेले, तर उरलेला भाग सिरोंचा तहसील म्हणून चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पुढे नुगूर, अल्बाका व चेर्ला हे भागही मद्रासकडे गेले. अशा रीतीने जिल्ह्याचे ठिकाण म्हणून या गावाची कारकीर्द जेमतेम चौदा वर्षांची ठरली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर सिरोंचा नव्या गडचिरोली जिल्ह्यात आले. परंतु जिल्हा कचेरी तरीही एका दिवसाच्या प्रवासाइतकी दूरच राहिली.

भूवैज्ञानिकांस हा परिसर अधिक जुन्या कारणाने परिचित आहे. सिरोंच्याजवळील कोटा गावाच्या चुनखडकांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माशांचे जीवाश्म सापडले व त्या खडकांना कोटा शैलसमूह हे नाव मिळाले. याच शैलसमूहात, तालुक्यातील पोचमपल्लीजवळ, जुरासिक काळातील एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची शेकडो हाडे मिळाली. १९७५ मध्ये त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. बंगालीत ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. उत्तरपदात रवींद्रनाथ टागोरांचे स्मरण आहे. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभारलेला आहे. वडधम येथे जीवाश्म उद्यान करण्यात आले आहे.

भात, कापूस व मिरची ही प्रमुख पिके असून मिरची मुख्यत्वे तेलंगणातील बाजारपेठांत जाते. साग, तेंदूपाने व मोहफुले ही वनोत्पादने होत. तालुक्यात लोहमार्ग नाही. पूल होईपर्यंत पैलतीरास जाण्यास नाव हेच साधन होते.

पोचमपल्लीचे नाव अलीकडे पुन्हा चर्चेत आले, ते तेथून पलीकडच्या मेडीगड्डापर्यंत गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे. तेलंगणाच्या काळेश्वरम् उपसा सिंचन प्रकल्पातील हा बंधारा जून २०१९ मध्ये कार्यान्वित झाला. पाण्याचा लाभ तेलंगणास. फुगवट्याखालील जमिनी मात्र सिरोंच्याच्या शेतकऱ्यांच्याही, अशी ही स्थिती असून मोबदल्यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. जुलै २०२२ च्या महापुराने नदीकाठच्या शेतीची मोठी हानी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले व साठा सोडून द्यावा लागला.

संगमावर पैलतीरी काळेश्वर हे प्रसिद्ध शिवक्षेत्र आहे. दर बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर मेळा भरतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये तो भरला, तेव्हा सिरोंच्याच्या घाटावरही भाविकांची मोठी गर्दी झाली होती.