खोटे ठरण्याची तयारी

जयंत नारळीकरांविषयी आदराने लिहिणारेही एका ठिकाणी अडखळतात. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला हे बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी केव्हाच स्वीकारले, पण २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन पावलेल्या नारळीकरांना ते अखेरपर्यंत पटले नाही. म्हणून मग त्यांचे संशोधन हळूच बाजूला ठेवून ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था, विज्ञानकथा आणि अंधश्रद्धेविरुद्धचे काम यांचा गौरव होतो. ही वाटणी मला मान्य नाही. दावा असा करावा की तो तपासता येईल, आणि तपासात तो खोटा ठरला तर तेही चारचौघांत कळावे, हा दंडक त्यांनी केंब्रिजमध्ये शिकताना अंगी बाणवला. त्यांचे शिकवणे आणि समाजातले काम त्याच दंडकातून आले.

बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत म्हणतो की विश्व प्रसरण पावते, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे ते कोणत्याही काळी सारखेच दिसते. सिद्धांत म्हणून याचे मोल असे की तो पकडीत सापडतो. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. दूरचे विश्व जवळच्याहून निराळे दिसले की सिद्धांत अडचणीत आला. मार्टिन राइल यांनी १९६१ मध्ये रेडिओस्रोतांच्या मोजणीवरून तसा दावा केला, आणि १९६५ मध्ये सर्व दिशांनी येणाऱ्या, महास्फोटाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला. हॉइल यांचे विद्यार्थी असलेले नारळीकर या वादात उतरले ते गणित घेऊन. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दिला: वस्तूचे जडत्व तिच्या एकटीचे नसते, विश्वातल्या इतर सर्व द्रव्यामुळे ते तिला लाभते. भौतिकशास्त्रज्ञ माख यांची ही जुनी कल्पना त्यांनी समीकरणांत बसवली. प्रसरणशील विश्वात यातल्या राशी अनंत होतात, हा आक्षेप तरुण स्टीफन हॉकिंगने लगेच घेतला. पुढे १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी मूळ कल्पना बदलून स्थिरवत् विश्वाचे प्रतिमान मांडले. त्यात विश्व आलटूनपालटून फुगते आणि आकसते, आणि द्रव्यनिर्मिती ठिकठिकाणी लहान स्फोटांतून होते. सूक्ष्मलहरींच्या स्पष्टीकरणासाठी लोहाच्या सूक्ष्म तंतूंची धूळ गृहीत धरावी लागते. मला ते स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेले वाटते. त्या प्रारणातले बारीक चढउतार महास्फोटाच्या प्रतिमानातून कितीतरी नेमके निघतात.

मग हा हट्टच नव्हे का? हट्टी माणूस पुरावा नाकारतो. नारळीकरांनी पुराव्यापुढे आपले प्रतिमान बदलले. आणखी मोठा पुरावा त्यांच्या संस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ स्थापन केली, आणि २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. हट्टी संचालकाने तिथे आपल्या मताचा मठ उभारला असता. प्रत्यक्षात तिथे थानू पद्मनाभन यांच्यासारखे रूढ विश्वरचनाशास्त्रावर काम करणारे अभ्यासक वाढले, आणि संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या शोधाच्या पद्धती विकसित केल्या. विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना तिथे ठरावीक काळ येऊन संशोधन करता यावे, अशी सहयोगी सदस्यत्वाची योजना आखली गेली. लहान गावातल्या ज्या शिक्षकाला दुर्बीण दूरच, चांगले ग्रंथालयही दुर्मिळ, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

फलज्योतिषाच्या चाचणीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. २००८ मध्ये नारळीकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांच्या प्रयोगात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या, अशा २०० कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाने ४० कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातली ते सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि सर्वांत सरस निकाल ४० पैकी २४ होता. नाणे उडवूनही सरासरी २० बरोबर येतात. एका संस्थेने सर्व २०० तपासल्या, त्यांपैकी १०२ बरोबर आल्या. भौतिकशास्त्रज्ञाला ज्योतिष काय कळते, असा आक्षेप घेतला जातो. पण येथे कुंडली वाचायची होती ती ज्योतिषांनीच. उरलेले काम मोजण्याचे होते. नमुना लहान होता, ही तक्रार मात्र रास्त आहे: अगदी क्षीण प्रभाव अशा चाचणीतून निसटू शकतो. पण लग्न, नोकरी, आजारपण यांसाठी लोक ज्या खात्रीवर पैसे मोजतात, ती काही क्षीण प्रभावाची खात्री नसते.

मुलांशी वागताना हाच माणूस फार मऊ होता, पण दंडक तोच. सही मागणाऱ्या मुलाला ते सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर येईल आणि त्याखाली सही असेल. म्हणजे सही हवी असेल तर आधी घरी जाऊन, आपल्याला काय कळलेले नाही, हे त्या मुलाला स्वतःच शोधावे लागे.